गाडी डिझेल पिते की कुणी काढते?

मागच्या वेळी या सदरात आपण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोललो. या वेळचा विषय गावाकडून आला आहे. दिवाळीला पांढुर्ण्याला पोहोचलो आणि फराळाच्या आधी भांडण ऐकायला मिळालं.

तुमच्यापैकी अनेकांचं आजोळ पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातलं आहे. २०२३ मध्ये हे दोन्ही तालुके छिंदवाड्यातून निघाले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा बदलला तरी संत्र्याची वाट तीच राहिली. आंबिया बहार तोडणीला आला की क्रेट भरलेल्या गाड्या नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतात. माझ्या मोठ्या भावाकडेही अशीच एक पिकअप आहे, १४ वर्षं जुनी. ती पहिल्या दिवसापासून एकच माणूस चालवतो. घरातली पोरं त्यांना मामाजी म्हणतात.

पूर्वी ही गाडी लोड घेऊन नागपूरला जाऊन-येऊन लिटरला १२ किलोमीटरचा अ‍ॅव्हरेज द्यायची. यंदा तो ९ वर आला. भावाचं म्हणणं एकच, "टाकी भरून देतो न् दोन खेपांत खाली. डिझेल जाते कुठी?" तोंडाने चोर म्हटलं नव्हतं, पण अर्थ तोच होता. मामाजींनी जामसावळीच्या मारोतीची शपथ घेतली, गाडीची चावी ओट्यावर ठेवली आणि ते घरी निघून गेले.

रात्री पुतण्या माझ्याजवळ आला. "काकाजी, मामाजींनी मले गाडी शिकवली. ते असं करतील काय?"

म्हटलं, "मलाही नाही वाटत. पण तुझ्या-माझ्या वाटण्याने बाबांचं समाधान होणार नाही. आपण मोजू." सकाळी आम्ही दोघं मामाजींच्या घरी गेलो आणि चावी त्यांच्या हातात दिली. दोन दिवस फक्त मोजमाप करायचं, एवढंच त्यांना सांगितलं.

आधी मोजा

डॅशबोर्डवरच्या काट्यावरून अ‍ॅव्हरेज काढू नका. टाकी फुल करायची, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. नेहमीसारखी गाडी चालवून त्याच पंपावर, त्याच जागी पुन्हा तसंच भरायचं. मधल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरने भागलं की खरा आकडा मिळतो.

पुतण्या दोन्ही खेपांना मामाजींच्या शेजारी बसून गेला आणि गाडीपासून हलला नाही. ४१२ किलोमीटर झाले, डिझेल लागलं ४५.८ लिटर. भागाकार केला तर पुन्हा ९ च!

वाटेत त्याने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मीटरशी ताडून पाहिले होते. दहा दगडांत मीटरही दहाच किलोमीटर फिरलं. ही तपासणी विसरू नका. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले तर मीटर कमी अंतर दाखवतं आणि अ‍ॅव्हरेज उगाच पडल्यासारखा वाटतो. टाकीखाली, पाइपांवर कुठे ओल नव्हती आणि डिझेलचा वासही नव्हता. म्हणजे डिझेल कुणी काढत नव्हतं, सांडतही नव्हतं. इंजिनच ते जाळत होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तुलना करायची तर रस्ता तोच आणि लोडही तेवढाच हवा. सौंसरहून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला गेलेल्या खेपेची नागपूरच्या खेपेशी तुलना केली तर हिशोब चुकणारच.

स्वस्त तपासण्या आधी

भावाचा मिस्त्री आल्या आल्या म्हणाला, "नोझल गेले, पंपाचं काम काढा." तसं असूही शकतं. झिजलेल्या नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा न उडता थेंब पडतात आणि काळा धूर येतो. पण तो मोठा खर्च आहे. आम्ही फुकटातल्या गोष्टींपासून सुरुवात केली.

मी मामाजींना विचारलं, "तुम्हाला गाडी चालवताना काय वाटतं?" ते म्हणाले, "मी पोळ्यापासून सांगून रायलो, गाडी मांगून कोणी धरल्यावानी वाटते. कोणी आयकलंच नाही." निम्मं निदान त्यांच्या या एका वाक्यात होतं.

सकाळी गाडी थंड असताना टायरची हवा पाहिली. दारावरच्या स्टिकरवर लोडसाठी जो आकडा दिला आहे, त्यापेक्षा मागच्या दोन्ही टायरमध्ये बरीच कमी होती. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटतो, गरम होतो आणि प्रत्येक फेऱ्याला इंजिनची ताकद खातो.

मग पाचेक किलोमीटर जाऊन आलो, ब्रेक शक्य तितका कमी वापरला. उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात धरला. हात लावायचा नाही बरं का, भाजतो! मागचं उजवं चाक बाकीच्या चाकांपेक्षा खूपच गरम होतं. समोरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला आणि ते चाक जॅकवर उचललं. हाताने फिरवलं तर फिरेचना. पावसाळ्यात हँडब्रेकची वायर गंजून अडकली होती, त्यामुळे लायनर कायम ड्रमला घासत होतं. पोळ्यापासून गाडी अर्धवट ब्रेक लावूनच नागपूरला जात होती.

वायर बदलली, लायनर साफ केलं, हवा भरली. पुढच्या टाकीला आकडा आला १०.६.

थंड इंजिनही डिझेल खातं

उरलेला फरक कुठे गेला? एअर फिल्टर उघडला तर बागेच्या पांदणीतली धूळ नुसती गच्च बसली होती. डिझेल इंजिनला हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही, काळा धूर निघतो. फिल्टर बदलला.

दुसरी गोष्ट पुतण्याच्या लक्षात आली. तापमानाचा काटा नागपूरपर्यंत तळाशीच राहायचा. मागे एकदा मे महिन्यात इंजिन गरम होत होतं, तेव्हा थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला होता. आपल्याकडच्या उन्हात हा जुगाड फार चालतो. पण इंजिन ८०-९० अंशांच्या आसपास असतं तेव्हाच नीट काम करतं. वॉल नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन थंडच राहतं. डिझेल पुरतं जळत नाही, ऑइल घट्ट राहतं, झीजही वाढते. मे महिन्यातलं खरं दुखणं चोंदलेल्या रेडिएटरचं होतं. तो साफ करून नवा वॉल बसवला आणि आकडा ११.८ वर गेला. नोझलला हात लावावाच लागला नाही.

दुरुस्त्या आम्ही मुद्दाम टप्प्याटप्प्याने केल्या. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने किती फरक पडला, हे कळलंच नसतं.

चालवण्याचा भाग

थोडा दोष मामाजींचाही निघाला आणि त्यांनी तो मान्य केला. उतारावर ते गाडी न्यूट्रल करत. तसं केल्याने डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. घाटात तर हा जिवाशी खेळ आहे. दुसरं, रिकामी गाडी परत येताना ते ८० ने हाकत. ६० च्या तुलनेत ८० ला हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो. फडफडणारी सुटी ताडपत्री त्यात आणखी भर घालते.

आता हिशोब बघा. २०० किलोमीटरच्या खेपेला आधी २२ लिटर लागत, आता १७. लिटरचा भाव नव्वदीत धरला तरी खेपेमागे साडेचारशे रुपये वाचले. लिटरभर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही तेवढाच कमी झाला.

तुमच्याकडे भोपाळ-इंदूरला, पुण्याला जुनी कार असेल तर क्रम हाच ठेवा : मोजमाप, गळती, हवा, अडकलेला ब्रेक, फिल्टर, तापमानाचा काटा. मोठ्या खर्चाची कामं सगळ्यात शेवटी. आणि जो माणूस गाडी रोज चालवतो, त्याला सगळ्यात आधी विचारा.

भावाने माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात ती पद्धत नाही. निघायच्या दिवशी सकाळी मामाजी आले, तेव्हा भावाने त्यांना ओट्यावर शेजारी बसवून चहा दिला. मग अ‍ॅव्हरेजची वही त्यांच्या हातात ठेवून म्हणाला, "हे तुमच्याजवळच राहू द्या. काही वाटलं तं मले सांगा, मी आयकीन."

मामाजींनी वही खिशात घातली आणि गाडी काढली. त्या दिवशी क्रेट जरा जास्तच होते.