साइटवरचा पोरगा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या घरची बेल जरा जास्तच वाजते. मी कॉलेजात शिकवतो मराठी, पण गल्लीच्या लेखी कॉलेजातला मास्तर म्हणजे त्याला सगळंच ठाऊक. परवा असंच एक जोडपं आलं. तो मराठी, ती कन्नड, आणि दोन्ही भाषांत भांडणारा त्यांचा मुलगा. "सर, याला सिव्हिल घ्यायचंय. साइटवर काम करणार म्हणतो. तुम्हीच समजवा." आईनं पुस्ती जोडली, "बिसलाग निंद्रोदु याकरी?" उन्हात उभं राहायचं कशाला, असं तिचं म्हणणं. तिच्या नात्यातली मुलं बेंगळुरूला एसीत बसतात.

मी त्यांना चहा दिला आणि गच्चीवर नेलं. आमच्या घराच्या पुढच्या भागावर वरचा मजला आहे, मागच्या भागावर नाही. तिथं बायकोच्या कुंड्या आणि पापड वाळवायची बाज आहे. पाहुणे विचारतात, पैसे संपले काय? पैसे नव्हे मंडळी, माझी अक्कल संपली होती. त्याची गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

2012 सालच्या मे महिन्यात आमच्या मागच्या भागाचा स्लॅब पडायचा होता. पुढचा भाग आधीच झाला होता. कंत्राटदारानं साइटवर जो इंजिनिअर ठेवला होता, तो निघाला माझाच जुना विद्यार्थी. बारावीला माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, निबंधात दहा ओळींच्या पुढं कधी गेला नाही. पण साइटवर त्याची जीभ मोकळी सुटलेली. गवंड्याशी कन्नड, सळई बांधणाऱ्या बिहारी पोरांशी हिंदी, माझ्याशी मराठी आणि नकाशावरची टिपणं इंग्रजीत. मला म्हणायचा, "सर, पायाला दोन्हीकडं पायाच म्हणतात आणि गवंड्याला ते गौंडी म्हणतात. अर्धं काम तिथंच सोपं होतं."

त्याचा दिवस मी दारात बसून पाहिला आहे. सकाळी आठला हजर. आदल्या दिवशी बांधलेली सळई नकाशाप्रमाणे आहे का, दोन सळयांतलं अंतर बरोबर आहे का, खाली कव्हर ब्लॉक लावलेत का, सेंट्रिंगचे टेकू ठोकून घट्ट आहेत का, हे तो वाकून वाकून बघायचा. सळईचा ट्रक आला की हिशोब करायचा. व्यासाचा वर्ग करून 162 नं भागायचं, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. म्हणजे 12 मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 890 ग्रॅम. पावतीवरचं वजन आणि उतरलेला माल जुळला तरच सही. मग सिमेंटच्या पोत्यांची मोजणी, मजुरांचं मस्टर, रोजचा रिपोर्ट आणि महिनाअखेर मोजमापं घेऊन बिल. इतकं करून पगार सात हजार.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सगळं रीतसर चाललं होतं. एम-20 प्रतीचं काँक्रीट. त्याला 50 किलोच्या एका पोत्यामागं जास्तीत जास्त 30 लिटर पाणी, असं आपल्या भारतीय मानकात लिहिलंय. त्यानं बादलीवर रंगाची खूण करून ठेवली होती. दुपारी तो जेवायला गेला आणि आकाशात ढग जमले. वळवाची चिन्हं. मिक्सरवाल्यानं घाई केली आणि मापाची बादली बाजूला सारून पाणी ओतायला सुरुवात केली. माल पातळ असला की भरभर पसरतो, फावड्याला जोर लागत नाही. मलाही बरं वाटलं, काम उरकतंय.

तो परत आला, माल बघितला आणि ओरडला, "नीर हाकब्याड्री!" त्यानं मिक्सर बंद केला. त्याच मालातून त्यानं लोखंडी साच्यांत तीन क्यूब भरले, सकाळच्या मालाचे तीन आधीच भरलेले होते. मजूर बसून राहिले. कंत्राटदार आला. आवाज चढले. आणि मी, घराचा मालक, त्याचा गुरू, सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे बाबा, हे लोक तुझ्या जन्माआधीपासून स्लॅब टाकतायत. पाऊस आला तर नुकसान माझं होणार. चालू दे."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "सर, जास्तीचं पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या राहतात. आज दिसत नाहीत." एवढं बोलून त्यानं साइटच्या वहीत वेळ लिहिली, काय झालं ते लिहिलं, खाली सही केली. कंत्राटदारानं त्याला तिथल्या तिथं घरी पाठवलं. मिक्सर सुरू झाला. पाऊस मात्र त्या दिवशी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात. नोकरी गेलेली, तरी साचे उघडायला आला होता. 150 मिलिमीटरचे ते सहा ठोकळे त्यानं रंगानं खुणा करून आमच्या पाण्याच्या टाकीत सोडले. म्हणाला, "28 दिवस काढू नका." त्यानंतर ज्या कॉलेजात शिकला तिथल्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दाबून घेतले. एम-20 चा क्यूब म्हणजे सुमारे 45 टन भार सोसायला हवा. सकाळचे तिन्ही पास झाले. दुपारचे तिन्ही 32 टनांच्या आसपास फुटले.

कागद माझ्या हातात देताना त्यानं एकही टोमणा मारला नाही. "सर, डिझाइनवाल्या इंजिनिअरला दाखवा," एवढंच. त्यांनी येऊन तपासणी केली. छत म्हणून धोका नाही, पण बीम आणि स्लॅब एकाच दिवशी भरलेले, तेव्हा वर मजला चढवायचा नाही, असा निकाल दिला. म्हणून तिथं कुंड्या आहेत.

तो दोन महिने घरी होता. त्याचे वडील माझ्याकडंच आले, म्हणाले, "सर, त्याला बँकेच्या परीक्षेला बसवा. साइटवरच्या पोराला मुलगी कोण देणार?" मी काय तोंडानं समजावणार होतो? त्यांना चूक माझी होती हे सांगायलाही मला तो दिवस पुरला नाही, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. पुढं धारवाडजवळ एका रस्त्याच्या कामावर त्याला घेतलं. मुलाखतीत त्यानं तो क्यूबचा कागद दाखवला होता म्हणे. आज तो एका पुलाच्या कामावर गुणवत्ता विभाग सांभाळतो. लग्न झालं. बायको म्हणते, दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, पोरीची नवी शाळा. हे दुखणं खरं आहे, ते लपवायचं कारण नाही.

त्या आई-बापांना मी एवढंच सांगितलं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा बारावीनंतर चार वर्षांची डिग्री. सुरुवातीची वर्षं उन्हाची आणि कमी पगाराची. पुढं साइट इंजिनिअरचा प्रोजेक्ट इंजिनिअर, मॅनेजर होतो, नाहीतर बिलिंग, प्लॅनिंग, गुणवत्ता अशा वाटा फुटतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सार्वजनिक बांधकाम खातंही आहे. सर विश्वेश्वरय्या जन्मले म्हैसूर संस्थानात, इंजिनिअर झाले पुण्यात, 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 साली खडकवासल्याच्या धरणाला बसले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ 1998 पासून आपल्या बेळगावात आहे. दोन भाषांच्या घरातल्या पोराला हा रस्ता परका नाही.

मुलानं मला विचारलं, "सर, मी मिक्सर बंद केला आणि नोकरी गेली तर?" आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "जाऊ शकते. एकाची गेलेली मी बघितली आहे, आणि ती घालवण्यात माझा हात होता."

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणाचं घर चालू असेल तर एक विनंती. पाण्याच्या बादलीवर लक्ष ठेवा, क्यूबच्या तपासणीचे पैसे वाचवू नका. आणि साइटवरच्या पोरानं काम थांबवलंच, तर आधी त्याला चहा द्या, का थांबवलं ते विचारा. घड्याळाकडं नंतर बघा.