जुन्या वस्तूंचे वैद्य

मोहने येथील एका एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न केला आहे. त्यांच्या नातीनें रसायनशास्त्राची पदवी घेतली, त्यापुढें संग्रहालयशास्त्राचा अभ्यास पुरा केला, आणि आतां ती एका संग्रहालयांत वर्षभर फेलोशिपवर राहून जुन्या कलावस्तूंच्या जतनाचें काम शिकूं म्हणते. घरांतील मंडळींचें म्हणणें असें कीं, एवढें शिक्षण झाल्यावर पुन्हां उमेदवारी कशाला? वेतन बेताचें, पुढें जागेची हमी नाहीं, आणि बँकेची परीक्षा मात्र चुकते. हा प्रश्न एकाच घराचा नाहीं; म्हणून त्याचा विचार या सदरांत करीत आहों.

प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. आपल्या परिचयाचा शब्द ‘जीर्णोद्धार’. त्यांत मोडकें काढून नवें बसवितात. जतनाचा मार्ग याहून निराळा आहे. मूळचें जें आहे तें शक्य तितकें तसेंच राखावयाचें. क्षयाचें कारण शोधून त्यास आळा घालावयाचा. आणि जो उपाय करावयाचा तो असा, कीं पुढील पिढीस अधिक चांगला सांपडल्यास आपला काढून टाकतां यावा. वैद्य जसा आधीं निदान करतो आणि मग मात्रा देतो, तसेंच हें.

निदानास रसायनशास्त्र कसें लागतें, हें मोहन्याच्या लोकांस समजणें कठीण नाहीं. येथील एन. आर. सी. कारखाना २००९ सालीं बंद पडला. परंतु लांकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा कसा निघे, हें जाणणारी मंडळी गांवांत अजून आहेत. त्या लगद्यांतील सेल्युलोज हेंच कागदाचेंही शरीर होय. आम्लामुळें त्याच्या साखळ्या तुटतात. म्हणूनच लांकडी लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेलें आजोबांचें पुस्तक पिवळें पडून हात लावतांच मोडतें. आणि त्याच कपाटांतील, चिंध्यांच्या हातकागदावर लिहिलेली त्याहून जुनी पोथी अजून सुखानें उलटतां येते. पोथ्या लिहिणारे आपले पूर्वज शेवटीं वाचकास विनवीत कीं, हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. यांतील शेवटची अट सर्वांत अवघड आहे.

कारण हात शहाणा होण्यास केवळ विद्वत्ता पुरत नाहीं. अजिंठ्याचेंच उदाहरण घ्या. लेण्यांतील चित्रांचा गिलावा भिंतीपासून सुटत चालला, तेव्हां निजाम सरकारनें इटलीहून दोन निष्णात कारागीर आणविले. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे उपकारच होत. परंतु चित्रांवर त्यांनीं लाखेचें रोगण चढविलें. तें कालांतरानें पिवळें व काळपट पडलें, आणि त्याखालचे रंग झांकोळले. पुढें भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांस तें रोगण काढण्याचें किचकट काम दीर्घकाळ करावें लागलें. निष्णात मनुष्याच्या सद्धेतूनें केलेल्या कामाची जर ही गति, तर नवशिक्याच्या हातीं मूळ वस्तु एकदम कशी द्यावी? कोठें थांबावें, हें पुस्तकांत वाचून कळतें. पण हाताला तें कळावयास जाणत्याच्या शेजारीं बसून काम करावें लागतें. त्या बसण्याचा काळ म्हणजेच ही फेलोशिप.

फेलोशिप हा शब्दही आपल्यास परका नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वांटली जाई. इंग्रजी अमलांत त्या रकमेचा कांहीं भाग नव्या शिक्षणाकडे वळविला गेला आणि त्यांतून ‘दक्षिणा फेलो’ निर्माण झाले. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. विद्या पुरी झालेल्या तरुणास पोटाची चिंता न करतां ती मुरविण्यास अवकाश द्यावा, हाच त्यामागील हेतु. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयानें १९२८ सालीं जतनाचें स्वतंत्र खातें काढलें. तेथें चित्रें, कागद आणि इतर वस्तु अशा शाखांत नवपदवीधरांस वेतन देऊन जाणत्यांच्या हाताखालीं ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे बडोद्याच्या विद्यापीठांत संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. लखनौस जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ सालीं स्थापन झाली. मुंबईस १९२२ सालीं खुलें झालेलें, आणि आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलें जाणारें जें संग्रहालय आहे, तेथें २००८ पासून जतनकेंद्र चालतें. आंबिवलीस गाडींत बसलेल्या मनुष्यास तें कांहीं परदेश नव्हे.

तथापि भाबडेपणानें होकार द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. या क्षेत्रांत जागा थोड्या आहेत, आणि वेतनाची बरोबरी बँकेशीं होणार नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या. काम शिकविणारा कोण, आणि त्याच्या हाताखालीं उमेदवार किती? वर्षभरांत प्रत्यक्ष वस्तु हाताळावयास मिळणार, कीं केवळ नोंदी लिहावयाच्या? आणि मिळणाऱ्या वेतनांत राहण्या-जेवण्याचा खर्च भागतो कीं घरून भर घालावी लागते? पहिल्या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर तिसऱ्यासाठीं एकत्र कुटुंबानें एक वर्ष हात आंखडूं नये. मुलाच्या परदेशच्या शिक्षणास आपण कर्ज काढतों. मुलीच्या एका वर्षास कां अडावें?

आणि यांत घराचाही स्वार्थ आहे. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहात आहेत. सामान हलवितांना माळ्यावरच्या पोथ्या ‘जीर्ण झाल्या’ म्हणून उल्हास नदींत सोडल्या जातात. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावली जाते, आणि तिचा डिंक कागदांत मुरून कायमचा डाग पडतो. देवघरांतील पितळी मूर्ति दर सणास चिंचेनें घासून घासून तिचे नाक-डोळे झिजतात. पूजेंतली मूर्ति ही संग्रहालयांतली वस्तु नव्हे, तिला स्नान हवेंच. पण मऊ फडक्यानें पुसून कोरडी ठेवल्यासही देव रागावत नाहीं. हें सांगणारें माणूस घरांतच असलें, तर केवढा लाभ!

त्या गृहस्थांस आमचें उत्तर असें कीं, नातीस जाऊं द्यावें. तिच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशीं माळ्यावरचें पोथ्यांचें गाठोडें खालीं काढून तिच्यापुढें ठेवावें, आणि ती काय करते तें शेजारीं बसून पाहावें.