जमा बंदुका आणि कुजलेले दस्ते

निवडणुकीसाठी जमा केलेली बंदूक परत मिळाली, पण दस्ता हातचा गेला, अशा तक्रारींची पत्रे गेले काही महिने आमच्याकडे येत आहेत. मावळ, मुळशी, भोर, वेल्हे असा सगळा पावसाळी पट्टा त्यांत आहे. आंबवड्याच्या एका वाचकाने तर दस्त्याची छायाचित्रेच पाठवली आहेत. आजोबांनी पंतसचिवांच्या अमदानीत, म्हणजे भोर संस्थान १९४८ साली विलीन होण्याआधी घेतलेली ठासणीची बंदूक, शिसवी दस्ता, परवाना शेतीसंरक्षणाचा. मार्चमध्ये जमा केली तेव्हा लाकूड ठणठणीत होते. हातात आली ती श्रावणात. उन्हाळाभर ठाण्याच्या पत्र्याखाली लाकूड तापून तडकले आणि पुढे दोन महिने भिंतीची ओल पिऊन फुगले. चापाच्या मागे, मानेपाशी उभी चीर. गजाच्या खाचेत गज घट्ट अडकलेला. पितळी पट्टीखाली बुरशी. रायरेश्वराच्या पायथ्याच्या या मुलखात भात पोटरीला आले की रात्री रानडुकरे उतरतात. हवेत बार काढायची सोय नेमकी तेव्हा बंद.

आता नियम काय सांगतो ते पाहा. सरसकट सर्व परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घ्या, असे निवडणूक आयोग म्हणत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर आयोगाने स्पष्ट सूचना दिल्या आहेत. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रत्येक परवाना तपासायचा; जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले अशांचा विचार प्रामुख्याने करायचा; जमा शस्त्राची पावती द्यायची आणि निकालानंतर आठवडा उलटताच ते परत करायचे. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला लागला. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत प्रत्येक बंदूक घरी पोहोचायला हवी होती. त्यानंतर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, ती भात कापणीच्या तोंडावर. आमच्या पत्रलेखकांच्या बंदुका पुन्हा जमा! ज्यांच्यावर आयुष्यात एकही गुन्हा नाही, अशा शेतकऱ्यांना तलाठ्या-कोतवालाकरवी तोंडी निरोप जातो आणि छाननीचा कागद कुणालाच दाखवला जात नाही. हे आळसाचे प्रशासन आहे, सुरक्षेचे नव्हे.

पावतीवर काय असते? परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, बोअर, तारीख, सही. शस्त्र कोणत्या स्थितीत घेतले, याला रकानाच नाही. त्यामुळे दस्ता फुटून परत आला तर तो आधीच फुटलेला नव्हता, हे सिद्ध करायची जबाबदारी शेतकऱ्यावर. जप्त केलेले कोयते आणि शेतकऱ्याची वडिलार्जित बंदूक एकाच मुद्देमाल खोलीत, एकाच ओल्या फरशीवर उभी. दहा फूट लाकडी मांडणी आणि जमिनीपासून वीतभर उंची एवढ्यानेही यातले बरेचसे नुकसान टळेल. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

खरा पेच पुढेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो. लोखंड वेगळे आणि लाकूड वेगळे असा भेद तिथे नाही. परिणामी नुसती चीर भरायलाही गावच्या सुताराकडे जाता येत नाही. पुण्याच्या परवानाधारक विक्रेत्याकडे जावे लागते. त्याच्याकडे लाकडाचा कारागीर नसला तर तो दस्ता उतरवून आपल्यासारख्याच एखाद्या पॉलिशवाल्याकडे गुपचूप पाठवतो. काम करणारे हात तेच. मध्ये दलाली वाढते आणि काम करणाऱ्याच्या मानेवर कायद्याची टांगती तलवार राहते. नळी, चाप, घोडा यांपासून सुटा केलेला दस्ता सुताराने दुरुस्त करणे हा गुन्हा नाही, एवढे एका परिपत्रकाने लेखी स्पष्ट करावे, ही आमची गृह विभागाकडे मागणी आहे.

मात्र सगळा दोष सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. परवाना असलेल्या दुकानांमार्फत आलेले जे दस्ते आम्ही पाहतो, त्यांतल्या अनेकांची दुर्दशा आपल्याच बांधवांनी केलेली असते. जुन्या लाकडावर सँडर फिरवून शिक्के, खुणा, कडा साफ उडवतात आणि वर मेलामाइनचा चकचकीत थर देतात. धक्का बसला की तो थर तडकतो, फटीतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. लाखेचे स्पिरिट पॉलिश तर पावसाच्या पहिल्या सरीत पांढरे पडते. दबलेल्या जागी ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवली तर लाकूड पुष्कळदा आपोआप वर येते. खरवडायची गरज पडत नाही. तेल मुरलेल्या चिरेत फेव्हिकॉल धरत नाही. आधी व्हाइटिंगची पूड आणि सॉल्व्हंटने तेल शोषून घ्या, मग इपॉक्सी भरा. कच्चे जवसाचे तेल आपल्या पावसाळ्यात वाळत नाही, उलट बुरशीला खाद्य पुरवते. म्हणून उकळलेले तेल, तेही पातळ हातांनी, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर. आणि तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. ली-एनफील्ड पद्धतीच्या रायफलीत मागच्या दस्त्याचा बोल्ट पुढचे लाकूड उतरवल्याशिवाय फिरवलात, तर पुढचे लाकूड फाटलेच म्हणून समजा.

लोखंडाला तर हातच लावू नका. बफ मारताना नळीवरचा क्रमांक पुसट झाला तर गाठ कलम ८ शी आहे, आणि त्यात तुमच्याबरोबर तो शेतकरीही अडकतो.

या महिन्यात एवढे करा. तुमच्या ओळखीच्या प्रत्येक परवानाधारकाला सांगा, की पुढच्या वेळी जमा करण्याआधी दस्त्याला मेणाचा हात द्या, रेक्झिनच्या कव्हरऐवजी सुती पिशवी वापरा, चारी बाजूंनी छायाचित्रे काढा आणि ‘दस्ता सुस्थितीत’ एवढे दोन शब्द पावतीवर लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. छाननी समितीचा निर्णय लेखी मागा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. सर्व प्रती एकत्र करून आम्ही गृह विभागाकडे देऊ. आंबवड्याचा अर्ज आमच्या हाती आला आहे. बाकीच्यांनी महिनाअखेरीपर्यंत पाठवावेत.