‘कुल’ एक, घराणी तीन

जालन्याच्या तहसिलीत एक जण कुलमुखत्यारपत्र घेऊन येतो, दुसरा कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगायला येतो. दोघांच्या कागदांत ‘कुल’ आहे, म्हणून दोघांचा शब्द एकच असे वाटते. तो एक नाही. कुलमुखत्यारातला ‘कुल’ अरबी. त्याचा अर्थ ‘सगळे’, आणि ज्याला सगळे अधिकार दिले तो कुलमुखत्यार. कुळाचे मूळ संस्कृत. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने संरक्षण दिले ते या कुळाला. संध्याकाळी कचेरीच्या दाराला लागते त्या कुलपाचा तर या दोन्हींशी काही संबंध नाही. ते अरबी ‘कुफ्ल’वरून आले आणि मराठी जिभेवर त्यातल्या अक्षरांची अदलाबदल झाली.

मराठवाड्याबाहेर गेले की गुंता वाढतो. तेलुगूत ‘कुलम्’ म्हणजे जात. हा शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला. तमिळमध्ये मात्र ‘कुळम्’ म्हणजे तळे. त्याचा उच्चार मराठी कुळाला इतका जवळचा, तरी नाते काहीच नाही.

ही नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही, कारण जालना जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे दप्तर उर्दूत चाले. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत आणि ‘ळ’ला वेगळे अक्षरच नाही. त्यामुळे ‘काफ’ आणि ‘लाम’ ही दोन अक्षरे ‘कुल’ म्हणजे एकूण, ‘कल’ म्हणजे काल किंवा उद्या, अशी वाचता येतात. मराठी ‘कुळ’ त्या लिपीत उतरवायचे तर तेही याच दोन अक्षरांत येऊन बसते. नेमके काय ते आजूबाजूचा मजकूर पाहून वाचणाऱ्यानेच ठरवायचे.

२०२३ मध्ये हे वाचणारे किती मोलाचे आहेत ते दिसले. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कागद उर्दूत आणि मोडीत. आरक्षणाबद्दल कुणाचे मत काहीही असो, एका नोंदीच्या वाचनावर घराचे भवितव्य अवलंबून असेल, तर ती नोंद अंदाजाने वाचली जाता कामा नये.

बोलण्यात असे शब्द सहज नांदतात. मोंढ्यावर ‘ट्रक खाली करा’ म्हटले की हमाल कामाला लागतात. इथला ‘खाली’ अरबी, म्हणजे रिकामा, ‘वर-खाली’तला मराठी. माल खाली उतरतो आणि ट्रकही रिकामा होतो, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच हाकेत भागतात. कागदावर ही सवलत मिळत नाही. तिथे ‘राजीनामा’सुद्धा अडवतो. मराठीत तो पद सोडल्याचा कागद, उर्दूत दोन पक्षांच्या तडजोडीचा.

निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूत होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवत असे. त्या राज्यातल्या शाळांत शिकलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या हयातीत जालन्यात निजामकालीन महसुली शब्दांचा कोश व्हायला हवा. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या मराठी कोशात शब्द अरबी, फारसी की संस्कृत, याची खूण दिली होती. या कोशात तेवढे तर हवेच. शिवाय शब्द मूळ लिपीत कसा दिसतो, त्याची आणखी कोणती वाचने संभवतात आणि जिल्ह्यातल्या कोणत्या कागदात तो आला, हेही हवे. जिल्हाधिकारी कार्यालयाने अभिलेख कक्ष उघडून द्यावा आणि उर्दू व मराठी शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी या ज्येष्ठांजवळ बसवावेत. सुरुवात अंबड आणि भोकरदनच्या दप्तरांपासून करता येईल.