टायफॉइडची चिठ्ठी आणि गल्लीतला नळ

पावसाळा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातल्या लॅबसमोर रांग लागते. ताप तीन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर विडाल लिहून देतात. संध्याकाळी कागद हातात येतो, त्यावर पॉझिटिव्ह असतं, आणि मग खाला, चाचा, शेजारचा पोरगा, सगळ्यांना सलाइन. यातल्या किती जणांना खरोखर टायफॉइड झाला होता, हे त्या कागदावरून कळत नाही. हे न कळणं आपल्याला फार महाग पडतंय. गल्लीतली फुटकी पाइपलाइन वर्षानुवर्षं तशीच राहते, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

विडाल ही चाचणी 1896 सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. आपल्याकडे जिथं हा जंतू वर्षभर फिरत असतो, तिथं मागच्या आजाराची प्रतिपिंडंही रक्तात सापडतात. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही ती वाढलेली दिसू शकतात. म्हणजे डेंग्यूचा रुग्ण टायफॉइडच्या गोळ्या खात बसू शकतो. शिवाय टायफॉइड आणि त्याचा भाऊ पॅराटायफॉइड लक्षणांवरून वेगळे ओळखता येत नाहीत. खात्रीचं उत्तर मिळतं ते ब्लड कल्चरमधून. तिथं जंतू प्रत्यक्ष वाढवून पाहतात, त्याचं नाव कळतं आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं तेही कळतं.

कल्चर महाग असतं, वेळ घेतं आणि काही वेळा खरा टायफॉइडही त्यातून निसटतो, हे मान्य. डॉक्टर म्हणतात, पेशंट दोन-चार दिवस थांबणार कसा? पण थांबायला कोण सांगतंय? आधी रक्त काढायचं आणि मग औषध सुरू करायचं. क्रम उलटा झाला, अँटिबायोटिक पोटात गेल्यावर रक्त घेतलं, तर जंतू सापडण्याची शक्यता कमी होते.

कल्चर करून मोजलं की काय दिसतं, त्याचं एक उदाहरण देतो. 2017 ते 2020 या काळात दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळचं ग्रामीण वढू अशा चार ठिकाणी सुमारे 24 हजार मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. ताप आला की रक्त तपासायचं. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहरांतल्या वस्त्यांमध्ये एक लाख मुलांमागे वर्षाला 576 ते 1173 जणांना टायफॉइड. वढूला 35. जंतू तोच, मुलंही आपल्यासारखीच. वस्तीवस्तीत एवढा फरक असेल, तर ‘यांना स्वच्छतेची सवयच नाही’ हे जे वाक्य आपल्या मोहल्ल्यांबद्दल सहज फेकलं जातं, त्यात किती अर्थ उरतो?

हा जंतू फक्त माणसातच राहतो आणि विष्ठेतून पाण्यात, अन्नात जातो. आपल्याकडे पाणी दोन तास येतं. बाकीचा वेळ लाइनमध्ये दाब नसतो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर भेगांमधून तेच पाणी आत शिरतं. म्हणून नळाला पहिल्यांदा गढूळ पाणी येतं. त्यात घराघरांतून थेट लाइनला मोटर लावलेली असते. ती दाब आणखी खाली आणते, म्हणजे घाण आत ओढायला आपणही हातभार लावतो. घरात हात कितीही धुतले तरी पाइपची भेग बुजत नाही.

दुर्लक्ष कुठवर नेतं ते पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादनं पाहिलंय. 2016 च्या अखेरीस तिथं पाच प्रकारच्या औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळणं हे त्याचं मुख्य कारण असल्याचं तपासात पुढं आलं. तोंडावाटे देण्यासारखं अझिथ्रोमायसिन हेच एक भरवशाचं औषध उरलं. इकडं आपण तेच औषध साध्या सर्दीला मेडिकलमधून मागून घेतो!

लस आहे, आणि चांगली आहे. 2018 साली नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या कॉन्जुगेट लसीची मोहीम काढली. सरकारी यंत्रणेनं अशी मोहीम राबवण्याची जगातली ही पहिली वेळ. पहिल्याच टप्प्यात सुमारे 1 लाख 13 हजार मुलांना डोस मिळाले. ठाणे, भिवंडी, मालेगावच्या पालिकांना हे का जमू नये, असं विचारायला हरकत नाही. मात्र ही लस पॅराटायफॉइड ए पासून वाचवत नाही. दोन्ही तापांवरची एकत्र लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केली असून तिच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली आले. पहिल्या चाचणीनंतरही बरीच मजल मारायची असते. तोवर पॅराटायफॉइडवर उपाय एकच, स्वच्छ पाणी.

आता मुद्द्याचं. पालिकेच्या दप्तरी विडालच्या चिठ्ठ्यांना वजन नसतं. ‘साथ कुठाय?’ असं अधिकारी विचारतात आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं. एकाच गल्लीतले दहा कल्चर रिपोर्ट पॉझिटिव्ह आले, तर तोच अधिकारी पाइपलाइनचा नकाशा उघडतो. म्हणून पालिकेच्या दवाखान्यात ब्लड कल्चर मोफत व्हावं, ही मागणी गटार-पाणी-रस्त्याच्या यादीत वर यायला हवी. नगरसेवकाकडे फक्त पाण्याचा टँकर मागत राहिलो तर टँकरच मिळत राहील.

तोवर करण्यासारखं थोडं आहे. ज्यांचं शिक्षण सायन्समध्ये झालंय अशा पोरापोरींनी गल्लीच्या शेवटच्या नळावर ओ.टी. चाचणी करून पाहावी. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. मानकाप्रमाणे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन नळापर्यंत पोचायला हवं. रंग आला नाही तर तारीख, वेळ आणि ठिकाण वहीत लिहून ठेवा. महिनाभराच्या नोंदी जमल्या की आपल्या वॉर्डातल्या पाण्याच्या नमुन्यांचे वर्षभराचे अहवाल माहिती अधिकारात मागवा. अर्जाची फी 10 रुपये, आणि उत्तर द्यायला त्यांना 30 दिवसांची मुदत असते.