थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

थायरॉईड कमी असल्याचे रक्ततपासणीत निघाले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, पथ्य काय?" मुक्ताईनगर परिसरातील माझ्या अनेक रुग्ण भगिनी तर पथ्याची यादी पाठ करूनच येतात. कोबी बंद, शेंगदाणे बंद, बाजरी बंद, आणि केळी थंड म्हणून बंद. केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईने केळे खाऊ नये, हे कोणी ठरवले कोण जाणे! गोळी मात्र दुधाच्या चहाच्या घोटाबरोबर घेतलेली असते. माझे स्पष्ट मत असे, की या आजारात ताटातल्या पदार्थांची धास्ती फार झाली आहे आणि गोळीच्या वेळेकडे कोणी पाहत नाही.

थायरॉईड म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथी. ती मंदावली की थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, पाळीच्या तक्रारी सुरू होतात. आयोडीनयुक्त मीठ जेथे पोहोचले आहे, तेथे याचे मुख्य कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानचे डॉ. हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले. कोबी सोडल्याने हा हल्ला थांबत नाही. कमी पडलेले संप्रेरक गोळीवाटेच द्यावे लागते, बहुधा जन्मभर.

यादी अगदीच निराधार आहे असे नाही. कोबीवर्गीय भाज्यांत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. शिजवल्यावर ती बरीच कमी होतात. बाजरीचा दोष दाखविणारे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते सुदानच्या दारफूर भागाबाबत होते. तेथे बाजरी हेच मुख्य अन्न. आपल्याकडे वर्षभर ज्वारी किंवा कळण्याची भाकरी आणि थंडीत चार दिवस बाजरी, त्याने काही बिघडत नाही. गरिबाच्या ताटातील स्वस्त अन्न अशा यादीपायी काढून घेणे मला पटत नाही.

आता चहाविषयी. दूध, चहा, कॉफी यांच्यासोबत घेतलेली गोळी आतड्यात पुरेशी शोषली जात नाही. मग टी.एस.एच. उतरत नाही आणि ५० ची गोळी ७५ वर, ७५ ची १०० वर जाते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही घेऊ नये. पहाटे शेतात जाणाऱ्या बाईला हे साधत नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. आजवर चहाबरोबर घेत असाल तर सवय बदलताना डॉक्टरांना सांगा आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासा. नाहीतर वाढवलेली मात्रा जास्त होऊन छातीत धडधड सुरू व्हायची. सोयाबीनच्या वड्या खा, पण गोळीच्या वेळी नकोत.

गरोदर भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीबरोबर एकदमच गिळल्या जातात. त्यांत चार तासांचे अंतर हवे. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावरच अवलंबून असते आणि आईची गरजही वाढते. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी चुकताच तपासणी करावी; सातव्या महिन्यापर्यंत थांबू नये.

एकादशीला गोळी चुकवणाऱ्याही आहेत. गोळीने उपवास मोडत नाही. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्यांनी महिन्याभराच्या गोळ्या सोबत घ्याव्यात, उन्हापावसापासून जपाव्यात.

राहिला प्रश्न मिठाचा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणि आज सुशिक्षित घरांत रोजच्या स्वयंपाकाला सैंधव आले आहे! सैंधवात आयोडीन नगण्य असते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणी २५०. सैंधव एकादशीपुरते ठेवावे. याउलट, आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, जादा आयोडीननेही ग्रंथी बिघडते. साधे आयोडीनयुक्त मीठ आणावे, झाकणाच्या बरणीत चुलीपासून दूर ठेवावे.