कोपऱ्यातला अंगठा

लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो ‘साफ’ करायची सोय आता खिशात आली आहे. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल फोनवर मॅजिक इरेझर आणला, अ‍ॅपलने २०२४ मध्ये आयफोनवर क्लीन अप दिलं. नको असलेल्या गोष्टीवर बोट फिरवलं की ती गायब. पुष्कळदा तेवढेही कष्ट पडत नाहीत. फोटोत मध्ये काय येतंय ते फोनच सुचवतो.

गायब झालेल्या वस्तूमागे काय होतं, हे मात्र फोनला ठाऊक नसतं. कॅमेऱ्याने ते टिपलेलंच नसतं. आजूबाजूचे रंग पाहून तो अंदाजाने जागा भरतो. आजी ओसरीवर बसली आहे आणि मागे दोरीवर लुगडी वाळताहेत. ती लुगडी पुसली की दिसणारी स्वच्छ भिंत त्या घरात कधी नव्हतीच. खरी भिंत पोपडे निघालेली होती, तिच्यावर खिळ्याला पिशवी टांगलेली होती.

वस्तूंचं एक वेळ सोडून देऊ. गडाच्या फोटोतली विजेची तार काढली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण पुसली जाणारी माणसं कोण असतात ते पाहा. पंगतीत वाकून वरण वाढणारा वाढपी, मांडवाच्या दाराशी थांबलेला सनईवाला, बाळाला सांभाळायला आलेल्या मावशी. ज्यांच्या कष्टांवर समारंभ पार पडला तीच माणसं फोटोत ‘मध्ये आलेली’ ठरतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

हा मोह नवा नाही आणि थोरांनाही तो आवरलेला नाही. अमेरिकेतल्या मंदीच्या काळात, १९३६ मध्ये, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो जगभर गाजला. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँग यांना तो खटकला आणि काही वर्षांनी त्यांनी मूळ निगेटिव्हवरच तो पुसून घेतला. ज्या सरकारी उपक्रमासाठी फोटो काढला होता, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हे अजिबात रुचलं नाही. फोटो सरकारी दस्तऐवज होता. स्ट्रायकर यांचंच बरोबर होतं.

बातमीच्या क्षेत्रात तर याला माफी नाही. सीरियातल्या एका लढवय्याच्या फोटोतून कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला, एवढ्यावरून असोसिएटेड प्रेसने २०१४ मध्ये नार्सिसो काँत्रेरास या पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतल्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. त्यांचे इतर फोटो तपासले, त्यांत काही खोट सापडली नाही; तरी निर्णय बदलला नाही. वाचकाचा विश्वास सांभाळायचा तर दुसरा मार्गही नव्हता.

घरच्या अल्बमला इतका कडक नियम नको. पण पन्नास वर्षांनी नातवंडांना आपलं घर कसं होतं हे याच फोटोंतून कळणार आहे. फोनमध्ये मूळ फोटो सहसा परत मिळवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र बदललेला तेवढाच जातो आणि नातेवाइकांकडे तोच उरतो. म्हणून साफ केलेला फोटो हौसेने लावा, पण मूळ फोटो डिलीट करू नका, घरच्या ग्रुपवर तोही टाका आणि खाली तारीख, गाव, माणसांची नावं लिहा.